लांबच्या किनारी सफरीत मणीकाम कसे सांभाळावे

बोट नांगरावर उभी आहे, वारा पडला आहे आणि पुढचे भूशिर ओलांडण्यासाठी प्रवाह फिरण्याची सहा तास वाट पाहायची आहे, अशा वेळी मणीकामासारखी सोबत नाही. त्याच बोटीवर चार तासांनी तीच सुई धोक्याची ठरते, कारण तेव्हा समोर मासेमारीची जाळी पसरलेली असतात, मागून मालवाहू जहाज येत असते आणि हातात दुर्बीण असायला हवी असते. शिडाच्या बोटीवर आठवडेच्या आठवडे काढताना मी मणीकाम सोडले नाही, पण करण्याची पद्धत मुळापासून बदलली. बोटीवर कोणते काम न्यावे हे ते किती लवकर खाली ठेवता येते यावरून ठरवावे, असे माझे ठाम मत झाले आहे. हाक आल्यावर दहा सेकंदांत सुई, मणी आणि विणलेला भाग तिन्ही सुरक्षित ठेवून उठता येत असेल, तर ते काम समुद्रावर नेण्याजोगे आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका कसोटीतून निघालेल्या आहेत.

पहिली पायरी: मोकळे तास आधी शोधावेत

खुल्या महासागरातली सफर आणि किनाऱ्यालगतची सफर यांत छंदाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. किनाऱ्यापासून दूर गेलेल्या बोटीला दिवसचे दिवस एकच दिशा धरता येते. किनाऱ्यालगत मात्र खडक, उथळ पट्टे, जाळ्यांचे तरंगते बोये, बंदरात ये-जा करणारी जहाजे आणि दर काही तासांनी बदलणारा प्रवाह यांमुळे चालत्या बोटीवर निवांतपणा फार थोडा मिळतो. म्हणून किनारी सफरीत मणीकामाचा खरा वेळ बोट थांबलेली असताना मिळतो, हे आधीच मान्य करावे. हे मान्य न केल्यामुळे माझ्या पहिल्या सफरीत मी सतत चिडलेली असे आणि काम काही पुढे सरकत नसे.

सफरीचा आराखडा आखताना प्रत्येक टप्प्यापुढे भरती-ओहोटीच्या वेळा लिहिल्या जातातच. त्याच कागदावर थांब्याचे तास वेगळ्या रंगाने खुणावेत. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणजे उलटा प्रवाह संपण्याची वाट पाहायची तर साधारण सहा तासांची एक बैठक मिळते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, प्रवाह जोरकस असतो, त्यामुळे अरुंद सामुद्रधुनी किंवा खाडीचे तोंड गाठण्यासाठी वेळ नेमकी साधावी लागते आणि थांबणेही वाढते. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, प्रवाह मंद असतो आणि बोट जवळजवळ केव्हाही पुढे नेता येते, म्हणून त्या दिवसांत मणीकाम कमीच होते. विरुद्ध वाऱ्याने बंदरात अडकून पडण्याचे दिवस कोणत्याही आराखड्यात मांडता येत नाहीत, पण ते येतात, आणि मोठी बैठक मागणारे काम त्यांच्यासाठी राखून ठेवावे.

एक नियम मात्र कधीही वाकवू नये. समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम सांगतो की प्रत्येक नौकेवर सर्व काळ डोळ्यांनी, कानांनी आणि उपलब्ध असलेल्या प्रत्येक साधनाने योग्य टेहळणी ठेवली पाहिजे. ज्याची टेहळणीची पाळी सुरू आहे त्याच्या हातात सुई नसावी, मग समुद्र कितीही शांत असो. बारीक मण्यांवर नजर स्थिरावली की वेळेचे भान सुटते, आणि बारा नॉट, म्हणजे ताशी बारा सागरी मैल, वेगाने येणारे जहाज दहा मिनिटांत दोन सागरी मैल जवळ येते.

दुसरी पायरी: कामाची निवड

आता दहा सेकंदांची कसोटी प्रत्यक्ष कामांना लावून पाहू. मागावरचे मणीकाम पहिल्या फेरीतच बाद होते. माग मोठा असतो, ताणलेले धागे कशाला तरी अडकतात आणि ओळ अर्धी असताना माग बाजूला ठेवला तर सुईवरचे मणी घसरतात. कापडावरची मणीभरत नांगरावर चालते, चालत्या बोटीवर चालत नाही. पेओट आणि ब्रिक या टाक्यांची, म्हणजे ज्यांत मणी भिंतीतल्या विटांसारखे एकाआड एक बसतात त्यांची, अरुंद पट्टी चांगली, कारण प्रत्येक मणी बसताक्षणी धाग्यात अडकलेला असतो आणि कोणत्याही मण्यावर थांबता येते. काटकोनी विणीत, म्हणजे ज्या टाक्यात चार-चार मण्यांचे चौकोन बनतात त्यात, एक चौकोन पुरा करूनच थांबावे लागते. चौकोन अर्धा सोडला तर पुन्हा बसल्यावर धागा कोणत्या दिशेने जात होता ते हमखास विसरते.

माझी खरी पसंती मण्यांच्या क्रोशाला आहे, आणि त्याबद्दल मी जरा सविस्तर लिहिते. या प्रकारात सगळे मणी आधीच धाग्यावर ओवलेले असतात आणि बोटीवर फक्त आकडीने ते एकेक विणून गोल दोरी तयार करायची असते. सुटा मणी एकही नाही, टोकदार सुई नाही, तबकही नाही. हाक आली की आकडीवरचा फास थोडा मोठा ओढून त्यात सेफ्टी पिन अडकवावी आणि सगळे पिशवीत टाकावे, एवढ्यात काम झाले. ओवण्याचे किचकट काम घरी, स्थिर टेबलावर करून ठेवायचे असते. ओवताना लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की जो मणी शेवटी ओवला जातो तो सर्वांत आधी विणला जातो, त्यामुळे नक्षी उलट्या क्रमाने ओवावी लागते. नक्षीची एक आवृत्ती ओवून झाली की लगेच मोजावी. एखादा मणी जास्त ओवला गेला असेल तर त्याच्या भोकात जाड सुई सारून, डोळ्यांवर चष्मा ठेवून तो पक्कडीने फोडता येतो आणि धागा शाबूत राहतो. मात्र मणी कमी पडला असेल तर धागा कापून गाठ मारण्याशिवाय उपाय नाही, आणि ती गाठ समुद्रावर मारण्याची पाळी येऊ नये.

लडींच्या रूपात मिळणारे चेक प्रजासत्ताकातले मणी यासाठी फार सोयीचे आहेत. एका लडीत सहसा बारा सर असतात. सराचा धागा आपल्या धाग्याला बांधून मणी सरकवत नेले की एकरंगी किंवा आडव्या पट्ट्यांच्या दोरीसाठी ओवण्याचा त्रास जवळजवळ उरत नाही.

तिसरी पायरी: किती सामान न्यावे

काच पाण्याच्या सुमारे अडीचपट जड असते, आणि छोट्या बोटीवर जागा व वजन दोन्ही मोजून वापरावे लागते. मण्यांच्या आकारात तिरक्या रेघेआधीचा अंक जितका मोठा तितका मणी बारीक. ११/० आकाराचे गोल बारीक मणी एका ग्रॅममध्ये साधारण ११० येतात आणि त्याच क्रमांकाचे नळीसारखे जपानी मणी सुमारे २००. अडीच सेंटिमीटर रुंद पेओट पट्टीच्या कंकणाला नळीसारखे मणी सुमारे १० ग्रॅम लागतात. म्हणजे महिनाभराच्या सफरीला शे-दीडशे ग्रॅम मणीही पुष्कळ होतात, आणि सगळा संग्रह सोबत नेण्याचा मोह टाळता येतो. १५/० आकाराचे मणी जेमतेम दीड मिलिमीटरचे असतात, हलत्या बोटीवर ते डोळ्यांना आणि मनालाही थकवतात, म्हणून ते घरीच ठेवावेत. ८/० आकाराचे सुमारे तीन मिलिमीटरचे मणी सफरीत सर्वांत समाधान देतात.

प्रत्येक नक्षीसाठी लागणारे मणी, धागा आणि नक्षीचा कागद एकाच छोट्या पिशवीत बांधून, तिच्यावर अंदाजे किती तासांचे काम आहे ते लिहावे. एका तासाचा थांबा आणि अख्खा अडकलेला दिवस यांसाठी वेगळ्या पिशव्या हाताशी असल्या म्हणजे ऐनवेळी शोधाशोध होत नाही.

चौथी पायरी: डबा, सुया आणि धागा

झाकण दाबून बसवायच्या नळ्या बोटीवर नेऊ नयेत. डब्यात दाबल्या गेल्या की त्यांची झाकणे आपोआप उघडतात. फिरकीच्या झाकणाच्या प्लास्टिकच्या नळ्या, आणि त्या नळ्या रबराची कडा असलेल्या हवाबंद डब्यात, अशी दुहेरी सोय असावी. डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. रंग बदलणारे दाणे घेतले तर ते केव्हा भरले आहेत ते नजरेला कळते आणि मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरता येतात.

सुया मोजून न्याव्यात आणि मोजून परत ठेवाव्यात. मी सहा सुया नेते आणि प्रत्येक बैठकीच्या शेवटी सहा सुया फेल्टच्या तुकड्यावर दिसल्याशिवाय डबा बंद करत नाही. बोटीवर हरवलेली सुई अनवाणी पायात तर शिरतेच, पण तिचा खरा धोका हवेने फुगणाऱ्या वस्तूंना आहे. रबरी होडी, हवेवर फुगणारे जीवरक्षक जॅकेट आणि जीवरक्षक तराफा यांच्या जवळपासही सुईकाम करू नये. सफरीआधी धनुर्वाताची लस चालू आहे ना, हेही पाहून घ्यावे.

सुया धरून ठेवण्यासाठी चुंबक वापरण्याची सवय पुष्कळांना असते. बोटीवर ती मोडावी. चुंबकी आकडे, म्हणजे कंकणाची किंवा माळेची टोके जोडणाऱ्या कड्या, चुंबकी सुईपट्टी आणि पोलादी कात्री होकायंत्राजवळ आली की त्याची सुई विचलित होते. डोळ्यांसमोरच्या होकायंत्रात हा फरक दिसतो तरी, पण स्वयंचलित सुकाणूला दिशा कळवणारा चुंबकी संवेदक अनेक बोटींवर बाकाखालच्या किंवा कपाटातल्या कोपऱ्यात बसवलेला असतो. त्याच कपाटात चुंबक असलेला डबा ठेवला तर बोट कोणालाही न कळता काही अंश चुकीच्या दिशेने जाऊ लागते, आणि किनाऱ्याजवळ काही अंशांची चूकही खडकापर्यंत नेऊ शकते. तो संवेदक कुठे आहे हे बोटीच्या मालकाला विचारून घ्यावे आणि चुंबक शक्यतो घरीच ठेवावेत.

धाग्याच्या बाबतीत मी पॉलिथिलीनचा विणलेला धागा पसंत करते, जो मुळात मासेमारीच्या दोरीसाठी बनवला गेला. तो पाणी शोषत नाही आणि दमट हवेत सैल पडत नाही. नायलॉनचा धागा थोडे पाणी शोषतो आणि ताण बदलतो, म्हणून नायलॉनवर घरी घट्ट विणलेली पट्टी बोटीवर मऊ पडल्यासारखी वाटते. पॉलिथिलीन आणि नायलॉन दोन्हींचे कापलेले तुकडे प्लास्टिकच असतात. जहाजांमुळे होणाऱ्या प्रदूषणासंबंधीच्या मार्पोल कराराचे पाचवे परिशिष्ट प्लास्टिक समुद्रात टाकायला पूर्ण मनाई करते. एक छोटी झाकणाची डबी केवळ धाग्याच्या तुकड्यांसाठी ठेवावी आणि दोन सेंटिमीटरचा तुकडासुद्धा वाऱ्यावर जाऊ देऊ नये.

पाचवी पायरी: बसण्याची जागा आणि उजेड

बोटीचा मध्यभाग सर्वांत कमी हलतो, नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, भाग सर्वांत जास्त. बोट एका बाजूला कललेली असेल तर खालच्या बाजूच्या बाकावर, पाठ बोटीच्या भिंतीला टेकवून बसावे, म्हणजे शरीर आणि मांडीवरचे तबक दोन्ही आपल्याच बाजूला झुकतात आणि मणी निसटले तरी कुशीत येतात. तबकाला किमान तीन सेंटिमीटर उंच कडा असावी, खाली न घसरणारी जाळीदार रबरी चटई असावी आणि आत लव असलेले जाड कापड पसरावे, कारण लवेत मणी रुतून राहतात. एका वेळी तबकात प्रत्येक रंगाचा चमचाभरच मणी काढावा. डेकवर सुटे मणी काढूच नयेत.

डोके खाली घालून जवळचे बारीक काम करणे हे बोट लागण्याचे मोठे कारण आहे. डोळे स्थिर वस्तू पाहतात, आतला कान मात्र हालचाल नोंदवतो, आणि या विसंगतीतून मळमळ सुरू होते. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत सवय होते, म्हणून पहिले तीन दिवस चालत्या बोटीवर मणीकाम करूच नये, आणि नंतरही दर दहा मिनिटांनी क्षितिजाकडे पाहावे. पहिली जांभई किंवा तोंडाला सुटलेले पाणी हीच थांबण्याची खूण समजावी. उलटीवरच्या अनेक गोळ्यांनी गुंगी येते, आणि गुंगीत सुई चालवणे योग्य नाही.

रात्रीच्या उजेडाचा प्रश्न वेगळा आहे. अंधाराला डोळे सरावायला सुमारे २० ते ३० मिनिटे लागतात आणि पांढऱ्या दिव्याकडे एकदा पाहिले की ती सगळी तयारी वाया जाते. म्हणून रात्रीच्या पाळीआधी किमान अर्धा तास काम बंद करावे. रात्री बोटीत लावतात त्या लाल दिव्याखाली काम करून पाहण्याचा विचार मनात येतो, पण त्या उजेडात लाल आणि पांढरा मणी सारखाच दिसतो, तर निळा आणि हिरवा दोन्ही काळे दिसतात. मी एकदा लाल दिव्याखाली दहा ओळी विणल्या होत्या. सकाळी उन्हात पाहिल्यावर फुलाच्या पाकळ्यांच्या जागी पांढरे मणी बसलेले निघाले आणि त्या दहाही ओळी उसवाव्या लागल्या. भिंगाचाही एक धोका आहे. उन्हात उघडे राहिलेले भिंग किरण एकवटून कापड पेटवू शकते, म्हणून ते नेहमी कापडी पिशवीत ठेवावे.

सहावी पायरी: झोप आधी, मणी नंतर

दोन माणसांच्या बोटीवर तीन किंवा चार तासांच्या पाळ्या लावल्या की सुटीच्या पाळीत जेवण, आवराआवर आणि झोप हे सगळे बसवावे लागते. सुटीचा पहिला तास मणीकामाला द्यावासा वाटतो, पण तो झोपेचाच असतो. माझा क्रम ठरलेला आहे: आधी झोप, मग अन्न, मग बोटीची कामे, आणि पाळी दिवसाची असेल तर उरलेल्या अर्ध्या तासात क्रोशाच्या दोरीच्या चार-पाच फेऱ्या. लाटांचे माथे जागोजागी, वारंवार पांढरे फुटू लागले, म्हणजे वारा साधारण ११ ते १६ नॉटच्या घरात आला, की सुईकाम बंद करून फक्त आकडीचे काम ठेवावे, आणि त्याहून वारा वाढला तर तेही आत ठेवावे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश खलाशी लोकरीने आपल्याच जहाजांची चित्रे भरत असत, तीही सुटीच्या वेळात.

थांबण्याची कृती हाताला इतकी सवयीची व्हावी की विचार करावा लागू नये. सुई फेल्टमध्ये टोचायची, धाग्याच्या टोकाला मणी अडवणारी छोटी स्प्रिंग लावायची, काम तबकात ठेवून झाकण लावायचे, आणि मग उठायचे. ओळ कोणती होती ते नक्षीच्या कागदावर चिकटपट्टी सरकवून ठेवावे. ही कृती निघण्यापूर्वी घरी घड्याळ लावून करून पाहावी.

मणी सांडले तर

या प्रसंगासाठी वेगळा मजकूर हवा, कारण माझ्या हातून हे घडले आहे. बोटीने अचानक कूस बदलली आणि ११/०च्या मण्यांची दहा ग्रॅमची उघडी नळी, म्हणजे अकराशेच्या आसपास मणी, केबिनच्या फळ्यांवर गेली. काच पाण्यात बुडते, त्यामुळे फळ्यांच्या फटींतून खाली गेलेला प्रत्येक मणी बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळाशी पाणी साचते त्या जागेच्या, सर्वांत खोल कोपऱ्यात जमा होतो, आणि नेमका तिथेच उपशाचा पंप बसवलेला असतो. पाणी वाहून जाण्याची बारीक छिद्रे बुजली की पंपापर्यंत पाणीच पोहोचत नाही, आणि पंपाच्या आत मणी गेला तर त्याचे पाते अडते. आम्ही त्या संध्याकाळी नांगर टाकून फळ्या उचलल्या आणि पंपाची जाळी काढली, तेव्हा तिच्यात निळ्या मण्यांचा थर साचलेला होता.

म्हणून मणी सांडताच पहिली गोष्ट म्हणजे जे सांडले ते सोबत्यांना लगेच सांगावे, लाजेने लपवू नये. बिल्जच्या पंपाची स्वयंचलित कळ जाळी तपासेपर्यंत कोणाच्या तरी नजरेखाली असावी. फळ्यांवरचे मणी चिकटपट्टीने उचलावेत, झाडू मारला तर ते फटींतच जातात. नांगरावर पोहोचल्यावर फळ्या उचलून छिद्रे आणि जाळी साफ करावी आणि पंप चालवून पाहावा.

मीठ आणि घरी परतल्यावर

समुद्री मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून घेते. खारट हातांनी विणलेले काम म्हणूनच कधी पूर्ण वाळत नाही. दोऱ्या हाताळून आल्यावर हात गोड्या पाण्याने धुवावेत, निदान ओल्या फडक्याने पुसावेत. सनस्क्रीनचा थरही निघून जायला हवा. काचेला खारे पाणी काही करत नाही, पण आतून चांदीचा मुलामा असलेले मणी काळवंडतात, धातूचा मुलामा दिलेल्या मण्यांचा रंग झिजतो आणि रंगवलेले मणी उन्हाने फिके होतात. रंग ज्यांच्या काचेतच आहे असे अपारदर्शक मणी सफरीसाठी निवडावेत. पितळेचे आकडे हिरवे पडतात, म्हणून कोणत्याही कामाला आकडा बोटीवर लावूच नये.

बोटीवर तयार झालेले कंकण किंवा माळ डेकवर अंगावर घालू नये. आपण निवडलेला मजबूत धागा शिडाची दोरी ओढण्याच्या फिरकीत अडकल्यावर तुटत नाही, आणि मग इजा मनगटाला किंवा गळ्याला होते.

घरी आल्यावर प्रत्येक तुकडा कोमट गोड्या पाण्यात काही मिनिटे बुडवून, टिपकागदावर आडवा पसरून सावलीत दोन दिवस वाळू द्यावा. सहा सुया मोजाव्यात, गंजाचा ठिपका दिसलेली सुई टाकून द्यावी, कारण तो गंज पुढच्या पांढऱ्या धाग्यावर उतरतो. धागा हाताला पूर्ण कोरडा लागला की मगच टोके लपवावीत आणि आकडा लावावा.